घरपट्टीला नाव लावताना: नगरपरिषदेतली मालमत्ता हस्तांतरण नोंद, पात्रता आणि कागदपत्रं

आजोबा गेल्यानंतर 16 वर्षं आमच्या घरपट्टीच्या बिलावर त्यांचंच नाव छापून येत होतं. बाबा दर मार्चमध्ये बिल भरायचे, आणि पावतीवर वडिलांचं नाव बघून त्यांना बरंच वाटायचं. मग गावात चतुर्थ वार्षिक कर आकारणी आली. नोटीस आजोबांच्या नावानं. माडीवरची खोली पडून कितीतरी पावसाळे झाले होते, तरी तिचीही आकारणी धरलेली. बाबा हरकत घ्यायला गेले तर पहिलाच प्रश्न आला, "तुमचा या मालमत्तेशी संबंध काय?" प्रश्न रास्त होता, कारण नोंदवहीत बाबांचं नाव कुठंच नव्हतं. तोवर आजोबांच्या पाच वारसांपैकी दोघं वारले होते आणि पाच सह्यांचं काम अकरा सह्यांवर गेलं होतं. त्यातला एकजण दुबईत.

म्हणून हे सविस्तर लिहितोय. घर विकत घेतलं असो, बक्षीस मिळालं असो की वडिलांच्या पश्चात आलं असो, घरपट्टीला नाव लावायचं काम त्याच वर्षी उरकून घ्या. इथली माहिती महाराष्ट्रातल्या नगरपरिषदा आणि नगरपंचायतींसाठी आहे. त्यांचा कारभार 1965 च्या महाराष्ट्र नगरपरिषदा, नगरपंचायती व औद्योगिक नगरी अधिनियमानं चालतो. महानगरपालिकांचा कायदा वेगळा आहे.

आधी एक गैरसमज दूर करू. घरपट्टीवर नाव लागलं म्हणजे मालकी सिद्ध झाली, असं नाही. नगरपरिषदेची कर आकारणी नोंदवही कर कोणाकडून वसूल करायचा हे ठरवण्यासाठी असते. मालकी येते ती खरेदीखतातून, बक्षीसपत्रातून, वाटणीतून किंवा वारशातून. अशा नोंदींनी हक्क निर्माण होत नाही आणि जातही नाही, असं सर्वोच्च न्यायालयानं अनेकदा सांगितलं आहे. त्यामुळं "भावानं गुपचूप एकट्याचं नाव लावलं, आता आपला हिस्सा गेला" अशी धास्ती घेऊ नका, हिस्सा जात नाही. आणि "घरपट्टी माझ्या नावावर आहे" एवढ्या बळावर कोणी घर विकायला निघालं तर ते घेऊही नका. अनधिकृत बांधकामालाही घरपट्टी लागते, पण घरपट्टी लागली म्हणून ते बांधकाम नियमित होत नाही.

मग नाव लावायचं तरी कशाला? नोटिसा नोंदवहीतल्या नावानं निघतात, त्यावर हरकत त्या नावानंच घेता येते, नळजोडणीपासून घरकुल योजनेपर्यंत जागोजागी उतारा मागतात, आणि थकबाकी कोणाची हा वाद उरत नाही.

छोट्या शहरात एकाच घराची नोंद दोन-तीन ठिकाणी असते. नगरपरिषदेकडं कर आकारणीचा उतारा. सिटी सर्व्हे झालेला असेल तर भूमी अभिलेखच्या नगर भूमापन कार्यालयाकडं मालमत्ता पत्रक, म्हणजे ज्याला सगळे प्रॉपर्टी कार्ड म्हणतात ते. गावठाणाबाहेरची जागा असेल तर तलाठ्याकडं सातबारा. ही तिन्ही कार्यालयं वेगळी आणि अर्जही वेगळे. एकीकडं नाव बदललं की दुसरीकडं आपोआप बदलेल, या भरवशावर राहू नका. 2014 नंतर तालुक्याच्या अनेक गावांमध्ये ग्रामपंचायतीची नगरपंचायत झाली. तिथं जुनी नोंद ग्रामपंचायतीच्या नमुना 8 मध्ये असते. तो जुना उतारा घरात असेल तर जपून ठेवा, दप्तर इकडून तिकडं जाताना नावं चुकली असतील तर तोच उपयोगी पडतो.

अर्ज करण्याआधी

बिलावर मालमत्ता क्रमांक असतो. तो घेऊन कर विभागातून सध्याचा उतारा काढा. बहुतेक लोक ही पायरी गाळतात आणि नंतर खेटे घालतात. उताऱ्यावर मालकाचा रकाना वेगळा आणि भोगवटादाराचा वेगळा असतो. मालक म्हणून नेमकं कोणाचं नाव आहे, ते कसं लिहिलंय, खोल्या किती, वापर राहण्याचा की दुकानाचा, हे सगळं वाचा. विकणाऱ्याचं नाव खरेदीखतात एक आणि उताऱ्यावर त्याच्या वडिलांचं असेल, तर मधली एक नोंद राहून गेली आहे. ती साखळी आधी जोडावी लागते.

मग थकबाकी. चालू वर्षापर्यंतची घरपट्टी भरल्याशिवाय हस्तांतरण होत नाही. थकलेल्या घरपट्टीवर दरमहा 2 टक्के शास्ती चढते, त्यामुळं घर घेताना विकणाऱ्याकडून थकबाकी नसल्याचा दाखला व्यवहाराआधीच मागून घ्या. नंतर तो फोन उचलत नाही.

खरेदी, बक्षीस किंवा वाटणी असेल तर

नोंदणीकृत दस्त असेल तर हा सोपा प्रकार आहे. विहित नमुन्यातला अर्ज, दस्ताची संपूर्ण प्रत, सूची क्रमांक 2 (सगळे इंडेक्स टू म्हणतात ते), घरपट्टी भरल्याची चालू पावती, मालमत्ता पत्रक किंवा सातबारा, दोन्ही बाजूंची ओळखपत्रं. फ्लॅट असेल तर सोसायटीचं किंवा अपार्टमेंट संस्थेचं पत्र.

दस्ताचं नाव नीट वाचा. साठेखत म्हणजे पुढं खरेदी देण्याचा करार. घर नावावर होतं ते खरेदीखतानं. आणि शंभर किंवा पाचशेच्या स्टँपवर नोटरीसमोर केलेल्या 'खरेदी'वर तर मुळीच विसंबू नका. शंभर रुपयांहून जास्त किमतीच्या स्थावर मालमत्तेची विक्री नोंदणीकृत दस्तानंच करावी लागते. आमच्याकडं जुन्या पेठांत असे नोटरीचे कागद घरोघरी निघतात. खूप लोकांनी कष्टाचे पैसे त्यावर दिलेले असतात. विकणारा हयात असेपर्यंत त्याला दुय्यम निबंधकाकडं नेऊन रीतसर दस्त करून घ्या, उद्यावर टाकू नका.

घराचा काही भागच घेतला असेल तर ते साधं हस्तांतरण नाही. आधी मालमत्तेचं विभाजन, मग नवा मालमत्ता क्रमांक. त्याचा अर्ज वेगळा.

वारसानं आलेलं घर

सगळ्यात जास्त अर्ज इथं अडतात.

पहिला कागद मृत्यूचा दाखला. मृत्यू जिथं झाला तिथल्या निबंधकाकडं त्याची नोंद असते. माणूस गावचा पण पुण्याच्या दवाखान्यात वारला, तर दाखला पुणे महानगरपालिकेचा. गावच्या नगरपरिषदेत तो मिळणार नाही. दाखल्यावरचं नाव आणि उताऱ्यावरचं नाव जुळत नसेल ('ज्ञानू' आणि 'ज्ञानेश्वर' असा फरक नेहमी असतो), तर दोन्ही नावांची व्यक्ती एकच असल्याचं प्रतिज्ञापत्र लागेल.

दुसरं, सगळे वारस. सगळे म्हणजे सगळे. हिंदू वारसा कायद्यानुसार पुरुष मृत्युपत्र न करता वारला तर मुलगे, मुली, पत्नी आणि त्याची आई हे पहिल्या वर्गाचे वारस. आई हयात असेल तर तिचं नाव हमखास विसरलं जातं. लग्न झालेल्या मुली वारस आहेतच. आधी वारलेल्या मुलाची बायको आणि मुलंही आहेत. बाई वारली असेल तर तिची मुलं-मुली आणि नवरा पहिले. इतर धर्मीयांना त्यांचा त्यांचा वारसा कायदा लागू होतो.

वारस कोण हे दाखवायचं कशानं? वाद नसेल तर अनेक नगरपरिषदा वंशावळीसह प्रतिज्ञापत्र आणि सर्व वारसांचं संमतीपत्र घेऊन, हरकतीची नोटीस काढून नोंद करतात. काही ठिकाणी न्यायालयाचा वारस दाखला मागतात. महाराष्ट्रात तो 1827 च्या रेग्युलेशन 8 खाली दिवाणी न्यायालय देतं. तो आणि उत्तराधिकार प्रमाणपत्र यांत लोक गोंधळतात. उत्तराधिकार प्रमाणपत्र बँकेतल्या ठेवी, शेअर्स, येणी यांच्यासाठी असतं, घरासाठी नाही. अर्ज टाईप करणाऱ्यालाही हा फरक कधी कधी ठाऊक नसतो, म्हणून वकिलाकडं जाण्याआधी नगरपरिषदेत नेमका कोणता कागद लागेल ते विचारा आणि शक्यतो लिहून घ्या.

मृत्युपत्र असेल तर ते नोंदणीकृत असलंच पाहिजे असा कायदा नाही. दोन साक्षीदारांच्या सह्या मात्र हव्यात. इतर वारसांनी हरकत घेतली तर नगरपरिषद त्याचा निवाडा करू शकत नाही, ते न्यायालयात जाईल.

आता हक्कसोडीबद्दल. बहिणींनी हिस्सा सोडला असेल तर हक्कसोडपत्र नोंदणीकृत लागतं, साध्या कागदावरची किंवा नोटरीची सही चालत नाही. पण नाव लावण्यासाठी हक्कसोड लागतेच, हे खोटं आहे. सगळ्या वारसांची नावं एकत्र लावता येतात, आणि माझ्या मते तेच सरळ आहे. दहाव्याला, तेराव्याला आलेल्या बहिणीपुढं कागद ठेवून "फक्त घरपट्टीसाठी सही कर" म्हणणं मी पाहिलंय. ती सही नेमकी कशावर आहे हे तिला वाचू द्या. बहिणींनीही संमतीपत्र कोणतं आणि हक्कसोड कोणती, हे बघूनच सही करावी.

अर्ज दिल्यावर

अर्ज कर विभागात द्या, किंवा आपले सरकार पोर्टलवरून करा. हस्तांतरण शुल्क प्रत्येक नगरपरिषदेचं वेगळं असतं. ते फलकावर लिहिलेलं असायला हवं, नसेल तर विचारा, आणि पैसे पावतीशिवाय देऊ नका. आवक क्रमांक आणि तारीख असलेली पोच घेतल्याशिवाय खिडकीवरून हलायचं नाही, कारण पुढची सगळी मुदत त्या तारखेपासून मोजली जाते. नंतर कर निरीक्षक जागा बघून जातात, नोटीस निघते, हरकत आली नाही तर मंजुरी होते. नगरसेवकाचं पत्र लागत नाही. नगरपरिषदेचा प्रशासकीय प्रमुख मुख्याधिकारी असतो, नोंदीचे अधिकार प्रशासनाकडं असतात.

2015 च्या महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियमात ही सेवा येते. दस्ताच्या आधारे असो की वारसा हक्कानं, हस्तांतरण नोंदीचं प्रमाणपत्र 15 दिवसांत मिळायला हवं. कर आकारणी उतारा आणि थकबाकी नसल्याचा दाखला 3 दिवसांत. मुदत पूर्ण कागदपत्रांसह अर्ज पोचल्यापासून धरतात, म्हणून त्रुटी सांगितली तर ती लेखी मागा आणि लगेच दूर करा. अर्ज नाकारायचा असेल तर कारण लेखी द्यावं लागतं.

मुदत उलटली किंवा नकार आला तर 30 दिवसांत प्रथम अपील करता येतं. तिथं काम झालं नाही तर 30 दिवसांत दुसरं, आणि त्यानंतर 60 दिवसांत राज्य सेवा हक्क आयोगाकडं तिसरं. पुरेशा कारणाशिवाय सेवा न देणाऱ्या अधिकाऱ्याला 500 ते 5,000 रुपये शास्ती होऊ शकते. अपील अधिकाऱ्यांची नावं कार्यालयातल्या फलकावर असतात. माझा अनुभव असा की बहुतेक वेळा अपिलापर्यंत जावंच लागत नाही. मुदत संपल्याच्या दुसऱ्या दिवशी पोचेची प्रत जोडून साधं स्मरणपत्र दिलं की फाईल हलते. कर विभागात माणसं थोडी आणि मार्चअखेरीला वसुलीची घाई, म्हणून फेब्रुवारी-मार्च टाळून अर्ज द्या.

प्रमाणपत्र हातात आल्यावर नवा उतारा काढून नावाची वेलांटी न् वेलांटी तपासा. पाणीपट्टीची नोंदवही वेगळी असते, तिथं नळाच्या जोडणीसाठी निराळा अर्ज द्यावा लागतो. विजेचं मीटर महावितरणकडं. आणि त्याच आठवड्यात तेच कागद घेऊन नगर भूमापन कार्यालयात मालमत्ता पत्रकाच्या फेरफाराचा अर्ज करा. आमच्याकडं बाबांनी घरपट्टीचं काम झाल्यावर सुटकेचा नि:श्वास टाकला आणि फेरफार राहून गेला. तो अर्ज आता मी भरतोय, आणि तेरावी सही आणायला परवा कोल्हापूरला निघालोय.