भेटकार्डावरच्या फुलांची उंची : एक पार्श्वभूमी

हाताने केलेल्या मिक्स्ड मीडिया, म्हणजे कागद, रंग, कापड असे वेगवेगळे साहित्य एकत्र वापरून केलेल्या फुलांच्या भेटकार्डाचा इतिहास बहुतेक जण चित्रकलेपासून सुरू करतात. तो धागा खोटा नाही. १९१२ मध्ये पॅरिसमधल्या एका चित्रकाराने वेताच्या विणीची छपाई असलेले मेणकापड कॅनव्हासवर चिकटवले आणि भोवती खरा दोर बसवला. त्याच वर्षी त्याच्या मित्राने कोळशाच्या रेखाटनावर भिंतीला लावायचा छापील कागद डकवला. चिकटवलेली वस्तू चित्राचाच भाग असू शकते, ही गोष्ट तिथून पुढे कलाशाळांत रुजली. पण कार्ड ही भिंतीवर टांगायची वस्तू नव्हे, ते पाठवायचे असते. म्हणून कार्डावरचे फूल कागदापासून किती वर उठावे, हे चित्रकारांपेक्षा टपालाच्या दरांनी जास्त ठरवले. या नोंदीचा भर त्यावरच आहे.

जुना काळ थोडक्यात. १७७० च्या दशकात इंग्लंडमधल्या सत्तरी ओलांडलेल्या एका विधवेने रंगीत कागदाचे बारीक तुकडे काळ्या कागदावर डकवून जवळजवळ हजार फुले केली. काहींमध्ये तर तिने वाळवलेले खरे पानही बसवले. कागदाच्या थरांतून पाकळीची छटा काढायची ही रीत आजही वापरात आहे. मात्र ती फुले टपालाने जाणार नव्हती. त्या काळी तिथे टपालखर्च अंतरावर आणि कागदांच्या संख्येवर ठरत असे, आणि पाकीटसुद्धा वेगळा कागद म्हणून मोजले जाई. १० जानेवारी १८४० पासून हा हिशेब बदलला. अर्ध्या औंसापर्यंतचे, म्हणजे सुमारे १४ ग्रॅमचे पत्र देशात कुठेही एका पेनीत जाऊ लागले आणि आत किती तुकडे आहेत हे कोणी मोजेनासे झाले. जाळीदार ठशाचा कागद, रेशीम, फिती आणि फुलांची चित्रे एकावर एक रचलेल्या कार्डांना त्यानंतर खरा बहर आला. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समधल्या एका तरुणीने १८४० च्या दशकाच्या अखेरीस मैत्रिणींना हाताशी घेऊन घरातच अशा कार्डांचा धंदा उभा केला. वरचा थर उचललेला राहावा म्हणून तिच्या कार्डांत घडीच्या कागदाच्या स्प्रिंगा असत. आज ते काम दोन्ही बाजूंनी चिकटणारी जाडसर फोम टेप करते.

पुढे रंगीत शिळाछपाई स्वस्त झाली, छापील कार्डांचा पूर आला आणि हातकाम दीर्घकाळ मागे पडले.

आजच्या साहित्याची मुळे विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात आहेत. १९५० च्या दशकाच्या मध्यात चित्रकारांसाठी पाण्यात मिसळणारे ॲक्रिलिक रंग बाजारात आले आणि त्यांच्या जोडीला त्याच जातीचे जेसो (रंगाआधी द्यायचा पांढरा अस्तराचा लेप) आणि जेल मीडियम (चिकटवायलाही चालणारा घट्ट, पारदर्शक लेप). जुना जेसो खडूची पूड आणि प्राणिज सरस यांचा. ताठ लाकडी फळीवर तो उत्तम बसे, पण वाकणाऱ्या कागदावर तडकायचा. ॲक्रिलिक जेसो कागदाबरोबर वाकतो. घडीच्या कार्डावर जाड पार्श्वभूमी शक्य झाली ती यामुळे. जेल मीडियमने तर कापड, टिश्यू, जुन्या पुस्तकाचे पान असे काहीही कागदावर बसवता येऊ लागले.

दुसरी मोठी भर छंद म्हणून फोटो-अल्बम सजवणाऱ्यांची. अमेरिकेच्या यूटा राज्यात १९८० च्या सुमारास या छंदाने जोर धरला. लाकडाच्या लगद्याचा कागद आम्लामुळे पिवळा पडतो, ठिसूळ होतो आणि सोबतचा फोटोही बिघडवतो, ही जाण या मंडळींनी घरोघर पोहोचवली. आम्लविरहित कार्डस्टॉक, म्हणजे कार्डाचा जाड कागद, आणि न विटणारी पिगमेंट शाई सामान्य गिऱ्हाइकाला मिळू लागली ती त्यांच्या मागणीमुळे. कार्ड करणाऱ्यांना हे सगळे आयते मिळाले, आणि या उपकाराची नोंद फारच कमी ठिकाणी सापडते.

२००० नंतर साच्याने दाबून कागद कापणारी, हाताने फिरवायची छोटी डाय-कटिंग यंत्रे घरात आली आणि फूल बदलले. आधी पाकळ्या कात्रीने कापाव्या लागत. आता पाच पाकळ्यांचा आकार एका दाबात निघू लागला. यंत्राने कापलेले फूल हाताचे मानायचे का, यावर वाद झडले. माझ्या मते तो वाद फोल आहे. साच्यातून निघते ती नुसती चपटी चकती. तिच्यावर पाण्याचा हलका फवारा मारायचा, मऊ फोमवर ठेवून गोल टोकाच्या दांडीने प्रत्येक पाकळी मधून गोल गोल दाबायची, म्हणजे ती वाटीसारखी वळते. मग कडा बोटांनी मागे मुडपायच्या, तीन-चार थर एकाआड एक फिरवून चिकटवायचे आणि मध्ये पुंकेसर रोवायचे. हे काम बोटांचेच आहे. असे फूल सहज एक सेंटिमीटर उंच होते.

आणि नेमक्या याच सुमारास ब्रिटनच्या टपाल खात्याने दर ठरवण्याची पद्धत बदलली. २१ ऑगस्ट २००६ पर्यंत तिथे वजन हाच निकष होता. त्या दिवसापासून आकार आणि जाडीही मोजली जाऊ लागली. साध्या पत्राची मर्यादा २४० बाय १६५ मिलिमीटर आणि जाडी फक्त ५ मिलिमीटर. त्यापुढे २५ मिलिमीटरपर्यंत ते 'मोठे पत्र'. पहिल्या वर्गाच्या, म्हणजे जलद टपालाच्या, साध्या पत्राला तेव्हा ३२ पेन्स आणि मोठ्याला ४४. खिडकीवर फटी पाडलेली पट्टी असे. पाकीट अरुंद फटीतून सरकले नाही, की दर वाढला.

या निर्णयाची बाजू अशी मांडली गेली, की जाड पाकिटे वर्गवारीच्या यंत्रात अडकतात आणि पोत्यात जागा खातात. साध्या पत्राची वजनमर्यादा ६० वरून १०० ग्रॅमवर नेल्यामुळे जड पण चपट्या पत्रांचा फायदाही झाला. हे दोन्ही खरे आहे. पण फटका कोणाला बसला ते पाहिले पाहिजे. छापील कार्ड बहुधा त्या फटीतून सुटत होते. अडत होते ते हाताने केलेले. ३०० जीएसएमच्या (चौरस मीटरला ३०० ग्रॅम वजनाच्या) कार्डस्टॉकची घडी, त्यावर चित्राची पट्टी, खाली फोम टेपचा थर, वर टेक्श्चर पेस्ट (उठाव आणणारा जाड लेप) आणि शेवटी पाकीट, एवढ्यातच अडीच-तीन मिलिमीटर संपतात. फुलाच्या वाट्याला उरतात जेमतेम दोन. वजनाने पिसासारखे असलेले कागदी फूल केवळ उंचीमुळे महाग झाले. शिवाय पुरेशी तिकिटे नसली तर दंड भरायची वेळ शुभेच्छा घेणाऱ्यावर येई, ही त्यातली सर्वांत बोचणारी गोष्ट. नाजूक हातकामाचा विचार या नियमात झाला असता, तर वजन आणि जाडी एकत्र धरणारा मधला दर काढता आला असता.

अमेरिकेतही पाव इंचाची मर्यादा होती, आणि चौकोनी किंवा उंचसखल पाकिटांना जादा शुल्क. पण तिथे २०१० मध्ये खास अशा पाकिटांसाठी मोनार्क फुलपाखराचे ६४ सेंटचे तिकीट निघाले आणि पाकिटांवर फुलपाखराची आकृती छापून कोणते तिकीट लावायचे ते सुचवण्याची सोय झाली. जादा पैसे घ्यायचेच असतील तर निदान असे घ्यावेत.

या मर्यादांचा ठसा कार्डांवर दिसतो. बरीच फुले पुन्हा चपटी झाली. एकाच फुलासाठी तीन-चार स्टेन्सिल (आकार कापलेले पातळ साचे) क्रमाने लावून, फिकट शाईवर गडद शाई चढवत उंचीचा भास निर्माण करायची पद्धत रुळली. टेक्श्चर पेस्ट पातळ थरात ओढून फक्त शिरा उठवायच्या, एम्बॉसिंग पावडर (उष्णतेने वितळून किंचित उठून बसणारी पूड) गरम हवा सोडणाऱ्या हीट गनने वितळवून कडा चमकवायच्या, असे मिलिमीटरभरात भागणारे उपाय पुढे आले. ज्यांना उंच फूल सोडवेना, त्यांनी डबा-कार्डाचा मार्ग धरला. पाकिटात ते सपाट घडीने जाते, उघडून उभे केले की आडव्या पट्ट्यांवर चिकटवलेली फुले वेगवेगळ्या अंतरांवर उभी राहतात. आणि एक सेंटिमीटरचे फूल करणारे आजही आहेतच. ते कार्ड टपालात टाकत नाहीत, खोक्यात ठेवून स्वतः नेऊन देतात.