सरकारी कामाचा विमा: खासगी कंपनीची पॉलिसी परत का येते?

राज्य सरकारच्या कामाचं पहिलं रनिंग बिल (काम चालू असताना झालेल्या कामापुरतं मिळणारं बिल) अडलं की नवा कंत्राटदार बांधकामाच्या विम्याची पॉलिसी घेऊन खात्याच्या उपविभाग कार्यालयात हजर होतो. कंपनी नावाजलेली, हप्ता भरलेला, तरीही पॉलिसी घेत नाहीत. कारण सार्वजनिक बांधकाम विभागाच्या निविदेत कलमच असतं: विमा मुंबईच्या विमा संचालनालयाकडूनच, म्हणजे शासकीय विमा निधीतूनच घ्यायचा. बाहेरून आणलात तर निधी स्वतःच्या हिशोबाने हप्ता ठरवतो आणि तो तुमच्या बिलातून कापतात. हप्ता दोनदा गेला! एवढी महत्त्वाची अट निविदेच्या मागच्या पानांत का दडवतात, देव जाणे.

खासगी इमारतीला किंवा सोसायटीच्या पुनर्विकासाला ही सक्ती नाही. तिथे करारात लिहिलं असेल तसं.

कागदपत्रं साधी: कार्यारंभ आदेश, निविदेतलं विम्याचं कलम, कामाच्या बाबींचं परिशिष्ट, पॅन, जीएसटी. गाडं अडतं ते रकमेत आणि तारखांत.

हप्ता वाचवायला काही जण विम्याची रक्कम कमी दाखवतात. तसं करू नका. विमा पूर्ण करार किमतीचा हवा, आणि विभागाने सिमेंट-लोखंड पुरवलं असेल तर तेही धरायचं. ५० लाखांच्या कामाचा २५ लाखांचा विमा काढलात, तर १० लाखांच्या नुकसानीला ५ लाखांच्या आसपासच हातात पडतील.

तारखांचा घोळ याहून वाईट. कामाला मुदतवाढ मिळाली म्हणून पॉलिसीची मुदत आपोआप वाढत नाही. मुदतवाढीचा प्रस्ताव टेबलावर धूळ खात पडतो, साइटवर काम चालूच असतं आणि पॉलिसी केव्हाच संपलेली असते. मंजुरीची वाट पाहू नका. पॉलिसी संपायच्या आत वाढीव मुदतीचा अर्ज द्या आणि त्याची पोच घ्या.

आणखी एक गैरसमज: ‘बिलातून १ टक्का कापलाय ना, मग विमा झाला.’ तो कामगार कल्याणाचा उपकर असतो. त्याचा या विम्याशी काही संबंध नाही.

नुकसान झालंच तर लगेच फोन करा आणि लेखीही कळवा. कंत्राटदाराच्या सर्व जोखमींच्या (कॉन्ट्रॅक्टर्स ऑल रिस्क्स) नेहमीच्या पॉलिसीत, म्हणजे बांधकामाच्या याच विम्यात, १४ दिवसांत खबर पोचली नाही तर दावा बाद होतो. हे दिवस घटनेपासून मोजतात, अभियंत्याच्या पत्रापासून नाही. चोरी असेल तर पोलिसांत तक्रार हवीच. सर्वेक्षक, म्हणजे विम्यासाठी नुकसान मोजणारा माणूस, पाहून जाईपर्यंत राडारोडा हलवू नका. फोटो मात्र त्याच दिवशी काढून ठेवा.

स्लॅब पडला तर कारण फार नीट तपासतात. काँक्रीटच निकृष्ट निघालं तर त्या स्लॅबचे पैसे मिळत नाहीत. मात्र तो वरून पडून खालचं चांगलं बांधकाम मोडलं असेल, तर त्याची भरपाई मागता येते. म्हणून दाव्यात दोन्हींची मोजमापं वेगवेगळी लिहा.