रिपोर्ट निगेटिव्ह आला तरी गरोदर बाईचा ताप सोडू नका

गरोदर बाईला थंडी वाजून ताप आला, आशाताईंनी बोटाला टोचून तपासलं, हिवताप निघाला नाही. घरचे निर्धास्त होतात, आणि इथंच घात होतो.

हिवतापाचा फाल्सिपेरम जातीचा परजीवी तांबड्या पेशीत शिरला की त्या पेशीवर एक चिकट प्रथिन आणतो. हे प्रथिन वारेतल्या (पोटातल्या बाळाला आईकडून अन्न पोहोचवणाऱ्या अवयवातल्या) कॉन्ड्रॉइटिन सल्फेट या घटकाला घट्ट धरून बसतं. त्यामुळे बाधित पेशी वारेत साचतात आणि बोटाच्या रक्तात अगदी थोड्या सापडतात, कधी सापडतही नाहीत. वारेला सूज येते, बाळाचं अन्न आणि प्राणवायू तुटतो. मग दिवस भरण्याआधी बाळंतपण, अडीच किलोपेक्षा कमी वजनाचं बाळ, कधी पोटातच मृत्यू. आईच्या तांबड्या पेशी फुटतात. आधीच रक्त कमी असलेल्या बाईला बाळंतपणातला रक्तस्राव मग झेपत नाही. म्हणून ताप टिकला किंवा उलटला, तर पुन्हा तपासणी हवीच.

जिथं हिवताप कायम असतो तिथं या प्रथिनाविरुद्धची प्रतिकारशक्ती दर बाळंतपणागणिक वाढते, धोका पहिलटकरणीला जास्त. मराठवाड्यात हिवताप मानानं कमी, म्हणून ही ढाल तयारच होत नाही. ‘दुसरं-तिसरं आहे, काही होत नाही’ हे इथं खरं नाही.

हिवतापाच्या व्हायव्हॅक्स या दुसऱ्या जातीचं वेगळंच. क्लोरोक्विननं ताप जातो, पण यकृतात दडलेले परजीवी मारणारं प्रायमाक्विन गरोदरपणात देत नाहीत, कारण बाळाच्या तांबड्या पेशी फुटू शकतात. त्यामुळे ताप पुन्हा उलटू शकतो. घरात उरलेल्या गोळ्या तिला हरगिज देऊ नयेत. उपचार चालू असताना दरदरून घाम आला, चक्कर आली तर रक्तातली साखर घसरलेली असू शकते. शुद्धीत असेल तर साखरपाणी पाजून लगेच दवाखाना गाठावा.

आपल्याकडे नळाला आठ-दहा दिवसांनी पाणी येतं, रांजण-हौद भरलेलेच. हिवताप पसरवणाऱ्या ॲनॉफिलीस डासाची अळी पाण्याच्या पृष्ठभागालगत आडवी तरंगते. डेंग्यूच्या डासाची अळी डोकं खाली करून लटकते. उन्हाळ्यात अंड्यापासून डास व्हायला साधारण आठवडा पुरतो. म्हणून आठवड्यातून एकदा भांडं रिकामं करून, घासून, कोरडं करावं. हौद उपसता येत नसेल तर गप्पी मासे सोडावेत. ऊसतोडीला जाणाऱ्या बाईनं औषधी मच्छरदाणी आणि माता-बाल संरक्षण कार्ड सोबत न्यावं. कोपीत मच्छरदाणीच्या कडा अंथरुणाखाली खोचाव्यात आणि ताप आला तर गाव कुठलं, फड कुठं, हे डॉक्टरांना आधी सांगावं.