‘सर्व हक्क स्वाधीन’च्या आधी आणि नंतर

जुन्या मराठी पुस्तकाच्या पहिल्या पानावर ‘सन १८६७ च्या २५ व्या आक्टाप्रमाणे’ हक्क राखल्याची ओळ असायची. तो कायदा खरं तर छापखाने आणि पुस्तकांच्या नोंदणीचा. छापलेल्या मजकुरावर सरकारला नजर हवी होती. पण त्याखाली झालेली नोंद १८४७ च्या कंपनी सरकारच्या कॉपीराइट कायद्याखालचीच धरली जाई, म्हणून ग्रंथकर्ते ती आवर्जून छापत.

भाषांतराची गोष्ट निराळी. १९१४ च्या कायद्याने इथे प्रसिद्ध झालेल्या पुस्तकाच्या भाषांतराचा हक्क लेखकाकडे दहाच वर्षं ठेवला. तेवढ्या काळात त्याने एखाद्या भाषेत भाषांतर आणलं नाही, तर त्या भाषेपुरतं रान मोकळं. बंगाली कादंबरी दहा वर्षांनी मराठीत आणायला पत्र लिहायची गरज नव्हती. नुसतं ‘साभार’ छापून पूर्ण कथा उचलायची आपली सवय, मला वाटतं, त्याच जमान्यातली आहे.

२१ जानेवारी १९५८ पासून १९५७ चा कायदा लागू झाला आणि भाषांतराचा हक्कही पूर्ण मुदतीचा झाला. परवानगी लेखी हवी, हेही त्यात आलं. समीक्षेसाठी उतारा घ्यायला ती लागत नाही. आख्खी कविता संग्रहात घ्यायला लागते.

मुदत तेव्हा लेखकाच्या मृत्यूनंतर ५० वर्षांची होती. रवींद्रनाथ ठाकूर १९४१ साली गेले, म्हणजे १९९१ संपताच त्यांचं लेखन खुलं होणार होतं. हक्क होते विश्वभारतीकडे. डिसेंबरअखेरीस घाईने वटहुकूम निघाला आणि मुदत सगळ्यांसाठीच ६० वर्षं झाली. एका कवीसाठी निघालेल्या त्या वटहुकुमामुळे १९५० साली गेलेल्या साने गुरुजींची हयातीत छापलेली पुस्तकंही २००१ ऐवजी २०११ च्या जानेवारीत खुली झाली. तोवर प्रकाशकाला वारसांचा पत्ता शोधणं भाग होतं.

परवानगीच्या पत्राला खरी धार आली ती १९९४ च्या दुरुस्तीने. पत्रात मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षं आणि प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत, असं तेव्हापासून धरलं जातं. ‘आमची हरकत नाही’ एवढ्या एका ओळीवर काढलेल्या संग्रहाची सहाव्या वर्षी नवी आवृत्ती काढायची, किंवा त्याच्या प्रती अमेरिकेतल्या मराठी मंडळाला विकायच्या, तर पुन्हा पत्र टाकावं लागतं.