पार्श्वभूमी : मूत्रपिंडाच्या पेशींची ऊर्जा आटते तेव्हा

निफाड-येवल्याकडे उन्हाळ कांद्याची काढणी ऐन उन्हात चालते. दिवसभर वाकून काम, पाणी कमी आणि संध्याकाळी अंगदुखीची गोळी. ही गोळी मूत्रपिंडाच्या रक्तवाहिन्या रुंद ठेवणारं रसायनच अडवते. एरवी चालून जातं, पण अंगातलं पाणी आटलेलं असताना रक्तपुरवठा घटतो आणि लघवी कमी होते. घोणस चावल्यावर, जुलाबांनंतरही हेच दिसतं.

मूत्रपिंड असं अचानक थांबण्याचा हा आजार नीट नजरेस आला तो दुसऱ्या महायुद्धात. लंडनवरच्या बॉम्बहल्ल्यांत ढिगाऱ्याखाली चिरडलेले लोक बाहेर काढल्यावर सुरुवातीला बरे वाटत, मग त्यांची लघवी कमी होई आणि आठवडाभरात ते दगावत. एरिक बायवॉटर्स आणि डेस्मंड बील यांनी 1941 मध्ये अशा चार रुग्णांची नोंद प्रसिद्ध केली. मूत्रपिंड मेलं, असाच तेव्हा समज होता. नेदरलँड्समध्ये विलेम कोल्फ यांनी सॉसेजच्या सेलोफेन वेष्टनातून डायलिसिसचं यंत्र उभं केलं. त्यावर 1945 मध्ये एक बाई वाचली आणि तिची लघवी पुन्हा सुरू झाली. म्हणजे मूत्रपिंड मेलं नव्हतं. मग ते थांबलं का होतं?

उत्तर मिळायला वेळ लागला. दोन्ही मूत्रपिंडं मिळून दिवसाला सुमारे 180 लिटर द्रव गाळतात आणि त्यातला 99 टक्के बारीक नलिकांमधून परत शोषतात. शोषणाची सगळी मदार सोडियम-पोटॅशियम पंपावर, म्हणजे पेशीतून सोडियम बाहेर आणि पोटॅशियम आत ढकलणाऱ्या प्रथिनावर. हा पंप डेन्मार्कचे शास्त्रज्ञ येन्स स्कौ यांनी 1957 मध्ये दाखवला. तो एटीपीवर, म्हणजे पेशीला ऊर्जा पुरवणाऱ्या रेणूवर चालतो, आणि नलिकेच्या सुरुवातीच्या भागातल्या पेशी एटीपी बनवतात मुख्यतः चरबी जाळून, म्हणजे ऑक्सिजन हवाच. बाकी पेशींसारखं साखरेवर वेळ मारून नेणं त्यांना फारसं जमत नाही. रक्त घटलं की काही मिनिटांतच एटीपी घसरतं, पेशीचा आतला सांगाडा विस्कटतो आणि पंप आपली बाजू सोडून भलतीकडे सरकतात. पेशी जिवंत, पण कामाची नाही.

माझ्या मते या इतिहासातला सगळ्यात सुंदर युक्तिवाद थुराऊ आणि बॉयलन या संशोधकांचा, 1976 चा. पंप बंद पडले आणि गाळणी मात्र मिनिटाला 125 मिलिलिटरने चालूच राहिली, तर रक्तातला तीनेक लिटर द्रव अर्ध्या तासात वाहून जाईल. न शोषलेलं मीठ नलिकेत पुढे पोचतं, तिथल्या पेशी ते ओळखतात आणि गाळणीच मंदावते. लघवी कमी होणं हा निव्वळ बिघाड नाही, बचावही आहे.

पुढचं थोडक्यात. ऊर्जा घटल्याचं ओळखून खर्चिक कामं थांबवणारं एएमपीके हे एन्झाइम स्कॉटलंडमधल्या डंडीच्या ग्रॅहम हार्डी यांनी उलगडलं. ऑक्सिजन कमी पडल्याचं पेशीला कसं कळतं, याच्या शोधाला 2019 चं नोबेल मिळालं. तिघा विजेत्यांपैकी पीटर रॅटक्लिफ हे मूळचे मूत्रपिंडाचेच डॉक्टर.

हे सगळं मिनिटां-तासांत घडतं, रक्तातलं क्रिएटिनिन, म्हणजे मूत्रपिंड एरवी बाहेर टाकतं तो टाकाऊ पदार्थ, मात्र एक-दोन दिवसांनी चढतं. म्हणून पहिल्या दिवशीचा रिपोर्ट नॉर्मल असला, तरी डॉक्टर लघवी मोजायला सांगतात आणि तपासणी पुन्हा करायला लावतात.