मोबाईलनं मृग नक्षत्राचा फोटो काढताना आत काय घडतं

जानेवारीत हरिश्चंद्रगडावर मुक्कामाला होतो, अमावस्येच्या आसपासची रात्र, पिठलं-भाकरी उरकून बाहेर आलो तर वर कृत्तिका, मग रोहिणी, मृग आणि सगळ्यात खाली व्याध झळझळतोय. मोबाईल एका सपाट दगडावर पाण्याच्या बाटलीला टेकवला, नाईट मोड, ३ सेकंदांचा टायमर, आणि बटण दाबून लांब झालो. चार मिनिटांनी फोटो आला तो बघून मी खरंच दोन मिनिटं गप्प बसलो.

आता एवढ्याशा कॅमेऱ्याला हे जमतं कसं? मोबाईलचा मोठ्यात मोठा सेन्सरसुद्धा (प्रकाश टिपणारी चिप) नखाएवढा असतो, मोठ्या फुल फ्रेम कॅमेऱ्याचा सेन्सर ३६ बाय २४ मिलिमीटर, म्हणजे क्षेत्रफळात मोबाईलच्या सातपट तरी सहज. आणि प्रकाश हा पावसासारखा थेंबाथेंबानं पडतो, त्या थेंबांना फोटॉन म्हणतात. भुरभुर पावसात अंगणात शेजारी शेजारी दोन वाट्या ठेवल्या तर एकीत ९ थेंब पडतील, दुसरीत १३, पाऊस सारखाच असूनही. अंधारात पिक्सेलचं, म्हणजे सेन्सरवरच्या प्रकाश गोळा करणाऱ्या बारीक चौकोनांचं, हेच होतं, एकसारख्या काळ्या आभाळात एक पिक्सेल उजळ येतो, शेजारचा मंद, आणि फोटोत रवाळ ठिपके दिसतात, तोच नॉइज.

यावर उपाय म्हणजे जास्त वेळ प्रकाश गोळा करणं, पण तिथे पृथ्वी आडवी येते! ती फिरते म्हणून आभाळ ४ मिनिटांत १ अंश सरकतं, पौर्णिमेच्या चंद्राच्या रुंदीच्या जवळपास दुप्पट, म्हणजे सलग ४ मिनिटं शटर उघडं ठेवलं तर ताऱ्यांच्या नुसत्या रेघा येणार. म्हणून गुगलनं २०१९ मध्ये पिक्सेल ४ या फोनमध्ये जी युक्ती आणली ती मला फार आवडते: १६ सेकंदांपर्यंतचे छोटे छोटे फोटो काढायचे, तेवढ्यात तारा जेमतेम चारेक पिक्सेल सरकतो, मग प्रत्येक फोटोतलं आभाळ आधीच्या फोटोवर तंतोतंत बसवायचं आणि सरासरी काढायची, जमीन मात्र हलत नाही म्हणून ती जागेवरच ठेवायची. नॉइज प्रत्येक फोटोत वेगळ्या जागी असतो, तारा तोच, त्यामुळे १६ फोटो एकत्र केले की नॉइज चौथ्या हिश्श्यावर येतो (वर्गमुळाचा नियम, १६चं वर्गमूळ ४).

म्हणूनच सांगतो, मोबाईलनं मनापासून फोटोग्राफी करायची असेल तर मेगापिक्सेल मोजत बसण्यापेक्षा एक साधा ट्रायपॉड घ्या. हातात धरून मोबाईल एवढा वेळ थांबतच नाही, हात हलतोय हे त्याला कळतं आणि तो वेळ कमी करून टाकतो. लेन्स सुती कापडानं पुसा, बोटाचा तेलकट डाग असला की व्याधाभोवती धूसर वलय येतं. झूम करू नका, ताऱ्यांसाठी मेन कॅमेराच वापरा, इतर कॅमेऱ्यांचे सेन्सर बहुतेक त्याहून लहान असतात. थंडीची रात्र मिळाली तर उत्तमच, कारण सेन्सर तापला की प्रकाश नसतानाही पिक्सेल उगाच उजळतात.

त्या फोटोत मृगाच्या खांद्याचा काक्षी तारा चक्क नारिंगी आलाय, रोहिणीही, आणि कृत्तिका निळसर. अंधुक उजेडात आपल्या डोळ्यांतल्या रंग न ओळखणाऱ्या पेशीच जास्त काम करतात, म्हणून हे रंग नुसत्या डोळ्यांना एवढे उठून दिसत नाहीत, पण आभाळात ते रोज असतातच.