ग्राहक आला कुठून? तुमच्या अहवालातली चॅनल आणि ती ठरवणारे नियम

आमच्या मासिक अहवालात ‘चॅनलनुसार भेटी’ असा एक तक्ता असतो. तो पाहिल्यावर बहुतेकांचा फोन येतो तो दोनच शब्दांसाठी: ‘डायरेक्ट’ एवढे कसे, आणि हे ‘अनअसाइन्ड’ कोण? हे पत्रक त्यासाठीच लिहिले आहे. वाचून झाल्यावर तुमच्याकडून एक लहानसे काम हवे आहे, तेही पुढे सांगितले आहे.

माणूस वेबसाइटवर येतो तेव्हा गुगल अॅनालिटिक्सला, म्हणजे भेटी मोजणाऱ्या गुगलच्या साधनाला, त्याचा चेहरा दिसत नाही. तो आधीच्या कोणत्या पानावरून आला आणि ज्या लिंकवर दाबले तिच्या शेपटीला काही खुणा आहेत का, एवढेच कळते. या दोन गोष्टींवरून अॅनालिटिक्स प्रत्येक भेटीला ‘सोर्स’ म्हणजे कुठून आणि ‘मीडियम’ म्हणजे कशा प्रकारे, अशी दोन नावे देते. चॅनल ही त्यावरची पायरी. ‘मीडियम असे असेल तर या चॅनलमध्ये घाला’ असे नियम गुगलने आधीच लिहून ठेवले आहेत. ऑरगॅनिक (म्हणजे फुकट) सर्च, पेड (म्हणजे पैशाच्या जाहिरातीचा) सर्च, ऑरगॅनिक सोशल, रेफरल (म्हणजे दुसऱ्या वेबसाइटवरच्या लिंकवरून), ईमेल ही नावे तिथूनच येतात.

‘डायरेक्ट’चा अर्थ ‘पत्ता पाठ असलेले जुने निष्ठावान गिऱ्हाईक’ असा लावू नका. त्यात तशी माणसे असतातच, पण त्यांच्यासोबत व्हॉट्सअॅपवरची साधी लिंक दाबून आलेले, पीडीएफ कॅटलॉगमधून आलेले आणि दुकानातल्या फलकावरचा क्यूआर स्कॅन केलेले लोकही असतात. यांच्यापैकी कोणाकडेही मागचा पत्ता नसतो. ज्याचा माग लागला नाही तो डायरेक्ट. ‘अनअसाइन्ड’चे प्रकरण वेगळे आहे. तिथे खूण सापडलेली असते, पण ती गुगलच्या कोणत्याच नियमात बसत नाही.

खुणा आधी, नियम नंतर

लिंकच्या शेवटी प्रश्नचिन्ह टाकून त्यापुढे जे लिहितात त्याला यूटीएम म्हणतात. त्यातला ‘यू’ अर्चिन (Urchin) नावाच्या कंपनीचा. गुगलने ती २००५ मध्ये विकत घेतली, त्याच वर्षी अॅनालिटिक्स आणले, आणि नाव तसेच राहिले. भरायच्या मुख्य जागा तीन: सोर्स, मीडियम आणि कॅम्पेन, म्हणजे मोहिमेचे नाव.

समजा, तुम्ही देवगडहून हापूसच्या पेट्या थेट पुण्या-मुंबईला पाठवता. एकच लिंक तुम्ही व्हॉट्सअॅपच्या ब्रॉडकास्टवर टाकता, सोसायट्यांच्या ग्रुपवर टाकता, स्टेटसला ठेवता आणि पेटीवरच्या कागदी पट्टीवर क्यूआर म्हणून छापता. खुणा नसतील तर हे सगळे एकाच ढिगात पडते आणि अक्षय तृतीयेच्या आठवड्यातल्या ऑर्डरी कशामुळे वाढल्या ते कधीच कळत नाही. म्हणून पहिल्या तीन ठिकाणी सोर्स ‘व्हॉट्सअॅप’ ठेवायचा, मीडियम मात्र अनुक्रमे ‘ब्रॉडकास्ट’, ‘ग्रुप’ आणि ‘स्टेटस’. पेटीवरच्या पट्टीला सोर्स ‘पेटी’, मीडियम ‘क्यूआर’. गेल्या वर्षीची पेटी संपल्यावर त्याच पट्टीवरून पुन्हा मागवणारा माणूस आता वेगळा दिसतो. आमच्या मते हंगामी धंद्यात यापेक्षा मोलाचा आकडा नाही.

ही नावे रोमन लिपीत, सगळी लहान अक्षरे वापरून, मध्ये जागा न सोडता लिहा. सोर्सच्या तक्त्यात मोठे-लहान अक्षर वेगळे धरले जाते, त्यामुळे व्हॉट्सअॅप तीन तऱ्हांनी लिहिले की तीन ओळी तयार होतात. देवनागरीही टाळा. ब्राउझर लिंकमधल्या प्रत्येक देवनागरी चिन्हाचे नऊ अक्षरांच्या सांकेतिक खुणेत रूपांतर करतो. ‘हापूस’ हा शब्द तिथे ४५ अक्षरांचा होतो, आणि ती लांबलचक लिंक पाहून लोकांना फसवणुकीचा मेसेज वाटतो.

आपल्याच वेबसाइटच्या आतल्या लिंकना, म्हणजे मुखपृष्ठावरच्या बॅनरला वगैरे, यूटीएम कधीही लावू नका. माणूस जाहिरातीवरून आलेला असतो, आणि त्या बॅनरवर दाबले की ऑर्डरचे श्रेय बॅनरला जाते.

स्वतःचे नियम का लिहायचे

जुन्या अॅनालिटिक्समध्ये गुगलचे चॅनल-नियम हवे तसे बदलता येत. ती आवृत्ती १ जुलै २०२३ पासून बंद झाली. आताच्या आवृत्तीत गुगलचा मूळ संच बदलता येत नाही, त्याच्या शेजारी आपला संच उभा करता येतो. अॅडमिनमध्ये ‘डेटा डिस्प्ले’खाली ‘चॅनल ग्रुप्स’ आहे, काम तिथेच होते. त्यासाठी आम्हाला तुमच्या खात्यावर ‘एडिटर’ अधिकार लागतो; नुसता पाहण्याचा अधिकार पुरत नाही.

मूळ संच आपल्या धंद्याला पुरत नाही, कारण ‘क्यूआर’ हा शब्द त्याच्या ओळखीचाच नाही. पेटीवरच्या पट्टीवरून आलेल्या सगळ्या भेटी अनअसाइन्डमध्ये जातात. फेसबुकचा घोळ याहून वाईट. पैसे देऊन पोस्ट बूस्ट केली आणि मीडियममध्ये ‘बूस्ट’ लिहिले, तर गुगल त्या भेटी ऑरगॅनिक सोशलमध्ये, म्हणजे फुकट आलेल्यांत मोजते. मीडियमची सुरुवात ‘पेड’ने झाली किंवा त्यात ‘सीपीसी’ (दर क्लिकमागे पैसे) यासारखी गुगलच्या ओळखीची पैशाची खूण असली, तरच ती पैशाची भेट धरली जाते.

नियम एकाखाली एक लावलेल्या चाळण्यांसारखे चालतात. भेट वरून पडते, पहिल्या जुळणाऱ्या चाळणीत अडकते आणि खालच्यांपर्यंत पोहोचतच नाही. म्हणून नियमांच्या मजकुराइतकाच त्यांचा क्रमही महत्त्वाचा. ‘सोर्समध्ये फेसबुक असेल तर सोशल’ हा नियम ‘पेड सोशल’च्या वर ठेवला, तर फेसबुकला दिलेला पैसा न् पैसा फुकट गेल्यासारखा दिसतो आणि फुकटच्या पोस्टी सोने पिकवत असल्याचा भास होतो. मग मालक जाहिरात बंद करतात आणि पुढच्या महिन्यात ‘सोशल’ही का आटले ते कोणाला कळत नाही.

हापूसवाल्यासाठी आम्ही असा क्रम लावू:

१. पैशाची जाहिरात: मीडियममध्ये ‘सीपीसी’ किंवा ‘पेड’.
२. व्हॉट्सअॅप: सोर्स नेमका ‘व्हॉट्सअॅप’.
३. छापील क्यूआर: मीडियम नेमके ‘क्यूआर’.
४. गुगल नकाशा: कॅम्पेनला आपण दिलेले ठरावीक नाव.
५. एआय सहायक: सोर्समध्ये चॅटजीपीटी, जेमिनी, परप्लेक्सिटी, कोपायलट यांपैकी काही.
त्याखाली गुगलचे नेहमीचे सगळे, त्यांच्याच क्रमाने.

चौथ्या नियमाबद्दल थोडेसे. नकाशावरच्या तुमच्या दुकानाच्या नोंदीतले ‘वेबसाइट’ बटण दाबून आलेले लोक एरवी साध्या गुगल शोधात मिसळतात. त्या बटणाच्या लिंकला यूटीएम लावताना मीडियम ‘ऑरगॅनिक’च ठेवायचे आणि फक्त कॅम्पेनचे नाव वेगळे द्यायचे. त्यामुळे गुगलच्या मूळ तक्त्यात काही बिघडत नाही आणि आपल्या तक्त्यात नकाशा वेगळा निघतो. पाचवा नियम नवीन काळाचा आहे आणि तो रेफरलच्या वरच हवा. खाली ठेवला तर त्याच्या वाट्याला फारसे काही उरणार नाही.

आता वरच्या यादीत कुठे ‘नेमका’ आणि कुठे ‘मध्ये’ लिहिले आहे ते पाहा. हा फरक किती महागात पडतो याचा आमचा आवडता नमुना ट्विटरचा, म्हणजे आताच्या एक्सचा. त्याच्या लिंकचा छोटा पत्ता फक्त ‘टी डॉट सीओ’ असा आहे. ‘सोर्समध्ये टी डॉट सीओ असेल तर ट्विटर’ असा नियम कोणी लिहिला की इंडियामार्ट डॉट कॉमवरून आलेला घाऊक खरेदीदारही ट्विटरवाला ठरतो. इंडियामार्टच्या शेवटी टी आहे, मग डॉट, मग ‘कॉम’चे सी आणि ओ. फ्लिपकार्ट, पिंटरेस्ट, रेडिट, चॅटजीपीटी, सगळे त्याच जाळ्यात येतात. उलट फेसबुकसाठी ‘मध्ये’च लागतो, कारण मोबाइल, अॅप आणि संगणकावरून येणारे पत्ते वेगवेगळ्या उपसर्गांचे असतात.

पैसे भरून परत येणारे

तक्त्यात पेमेंट गेटवेचे किंवा बँकेचे नाव रेफरल म्हणून दिसले आणि त्याच्या नावावर भरपूर विक्री असली, तर हुरळून जाऊ नका. तो तुमचाच ग्राहक पैसे भरून परत आलेला असतो. हे चॅनलच्या नियमांनी झाकायचे नाही. डेटा स्ट्रीमच्या टॅग सेटिंगमध्ये ‘नको असलेले रेफरल’ अशी यादी असते, तिथे तो पत्ता टाकला की श्रेय मूळ स्रोताकडेच राहते. तुम्ही गेटवे बदललात तर आम्हाला कळवा, एवढेच.

गुगलच्या जाहिरातींना हाताने यूटीएम लावायची गरज नाही, खाते जोडलेले असले की गुगल आपली खूण आपोआप लावते. मात्र तुमची वेबसाइट मध्येच दुसऱ्या पत्त्यावर वळवत असेल आणि त्या वळणावर ती खूण गळली, तर पैशाची भेट फुकटच्या शोधात मोजली जाते. नवीन वेबसाइट बनवणाऱ्याला हे आवर्जून विचारा.

मागचे काय दुरुस्त होते

आपला संच मागच्या आकड्यांनाही लागू होतो. त्यामुळे गेल्या हंगामात कोणी ‘व्हॉट्सअॅप’चे स्पेलिंग चुकवले असेल, तर ते चुकीचे स्पेलिंगही नियमात घेऊन ती भेट योग्य खणात आणता येते. जिथे खूणच लावली नव्हती तिथे मात्र आमचाही इलाज चालत नाही. ती भेट कायमची डायरेक्ट. काहीजण आग्रह धरतात की डायरेक्टमधला अर्धा हिस्सा अंदाजाने व्हॉट्सअॅपला द्या. आम्ही तसे करत नाही. अनअसाइन्डही शून्यावर आणायचा अट्टहास धरत नाही. तिथे अधूनमधून दिसणारी अनोळखी नावे पाहूनच नवा नियम सुचतो.

फोनवरून किंवा दुकानात येऊन दिलेली ऑर्डर या तक्त्यात येत नाही. ती वहीतच राहणार.

तुमच्याकडून काय हवे

सोबतच्या कागदावर चार रकाने आहेत: लिंक कुठे टाकणार, सोर्स, मीडियम, कॅम्पेन. तो कागद दुकानात एकाच माणसाकडे ठेवा. पुतण्या इन्स्टाग्राम पाहतो आणि मॅनेजर व्हॉट्सअॅप, असे असले तरी नाव ठरवणारा एकच असावा. नवी लिंक बनली की स्वतःच्या फोनवर एकदा उघडा आणि आम्हाला मेसेज टाका. ‘रिअलटाइम’मध्ये भेट लगेच दिसते, चॅनलचा पक्का तक्ता मात्र तयार व्हायला एक-दोन दिवस लागू शकतात, तेव्हा त्याच संध्याकाळी आकडे विचारू नका.

पत्रके, पिशव्या किंवा पेट्यांच्या पट्ट्या छापायला टाकण्याआधी क्यूआर आमच्याकडे तपासायला पाठवा. मेसेजमधली लिंक पुढच्या वेळी बदलता येते, छापून आलेल्या पाच हजार पट्ट्या बदलता येत नाहीत.